दारातला पिंपळ

सालवडच्या रस्त्याकडेला झाडं लावायची म्हणून नीलेश दारोदार विचारत होता. कोणी बदाम मागितला, कोणी बकुळ. नवसी मात्र भिंतीला पाठ लावून हट्टालाच पेटली. नाल्याच्या कठड्यातून उपटून डब्यात जगवलेला पिंपळ तिने पुढे केला.

"भाऊ, माझ्या दारात हाच लाव."

"काकू, पिंपळ नको. कडुनिंब घ्या, सावली मिळेल."

"सावली घेऊन काय करू? पिंपळाला कोण कुऱ्हाड लावत नाय ना?"

"नाही लावत, म्हणूनच सांगतो. उद्या याची मुळं तुमचं घर फोडतील."

नवसी भिंतीपासून बाजूला झाली. रस्ता रुंद करताना पाडायच्या घरांवर मारतात, ती लाल फुली तिच्या पाठीमागे होती.

"फोडू दे," तिने हात जोडले. "तोवर घर उभं तर राहील."