पथ्य सुटलं

"आजी, आता आजोबांचं पथ्य बंद. मागतील ते द्या," घरी तपासायला आलेले डॉक्टर जाता जाता हळूच म्हणाले. मधुमेहापायी वर्षानुवर्षं नवऱ्याच्या तोंडावर पहारा ठेवलेल्या तिला आभाळ ठेंगणं झालं.

"देव पावला! अहो, सुटलात माझ्या तावडीतून!"

"मग आण गोड चहा, तुझं मन फिरायच्या आत," पलंगावरून ते कसेबसे बोलले.

तिने चमच्याने चहा पाजला. एवढासा घोट, पण घशाखाली उतरता उतरेना.

"वा! काय गोड झालाय!"

कौतुकाने तिने कप स्वतःच्या तोंडाला लावला. सवयीच्या हातांनी साखर घातलीच नव्हती. नवरा खोटं कशासाठी बोलला ते तिला कळलं, आणि मग डॉक्टरांचंही बोलणं कळलं.

"गोड आहे ना? मग अजून एक चमचा घ्या," ती म्हणाली.