आठ नावांचा अर्ज

मॅनेजरसाहेबांनी सात नावं वाचली, घोटभर पाणी प्यायले आणि मग आठवं वाचलं, "भारती हेडाऊ."

केबिनमध्ये भारती एकटीच त्यांच्यासमोर उभी होती. नावं थेट तिच्या अर्जातल्याच क्रमाने होती, पहिल्यापासून शेवटापर्यंत. साहेब फायलीच्या आडून वाचत होते, त्यामुळे त्यांच्या हातात काय आहे ते तिला दिसत नव्हतं.

"मोठ्या युनियनमध्ये जायचंय म्हणे तुम्हा लोकांना," साहेब गोड आवाजात म्हणाले. "जा की. ज्याची सही त्या अर्जावर दिसेल, त्याचं कंत्राट मार्चमध्ये संपलं समजा."

अर्ज तेव्हाही तिच्या पर्समध्येच होता. परवा लिहिलेला. त्यावर अजून एकच सही होती, कॅप्टन जागेश्वर भोयरांची. बाकी सहा वैमानिकांनी तो डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता.

कंपनी तीन छोट्या विमानांची, वैमानिक मोजून आठ. मोठ्या कंपनीतला वैमानिक 'आज थकलोय, उडवत नाही' असं तोंड वर करून म्हणतो, कारण त्याच्या पाठीशी युनियन असते. इथे तसं म्हटलं की बसा घरी. गेल्या महिन्यात दिवसाच्या पाचव्या फेरीला, विमान उतरत असताना कॅप्टन उन्मेषचा डोळा लागला. शेजारी भारती जागी होती, म्हणून बारा प्रवासी आपापल्या घरी पोचले. तेव्हापासून तिच्या मनातली धाकधूक गेली नव्हती.

युनियनला मात्र छोट्या कंपन्यांचं वावडं. तीन पत्रं पाठवली तेव्हा कुठे उत्तर आलं: किमान आठ वैमानिक, एकच अर्ज, सगळ्यांच्या सह्या, वीस तारखेच्या आत. आठ म्हणजे इथले झाडून सगळे. एक जरी गळला की खेळ खलास.

अर्ज तिने गोंदियाच्या विमानतळावर लिहिला होता. प्रवासी यायचे होते, कॉकपिटात ती आणि जागेश्वर, दोघंच. ऑफिसचा प्रिंटर नको, मोबाइल नको, हातानेच लिही, असं त्यांनीच बजावलेलं. मांडीवर विमानाचं उघडं लॉगबुक, त्यावर कागद, अशी ती लिहीत बसली.

"काहून इतकी दाबून लिहून राहिली वं? कागद फाटन," जागेश्वर म्हणाले.

"लॉगबुकात लिहू लिहू हातच तसा झाला, सर."

ते हसले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस, पण पहिली सही त्यांनी केली. तेवढ्यात प्रवासी आले आणि एकच घाई उडाली. जागेश्वरांनी लॉगबुकात इंधनाचे आकडे भरून सही ठोकली. भारतीने पांढऱ्या पानाखालची गुलाबी कार्बन प्रत न पाहताच फाडून खिडकीतून खाली उभ्या असलेल्या कंपनीच्या कामगाराच्या, नत्थूच्या हातात दिली. दर उड्डाणाआधी ती जमिनीवर ठेवायचीच असते, विमानाचं काही बरंवाईट झालं तर मागे नोंद उरावी म्हणून; तिथून ती ऑफिसात जमा होते. मग अर्ज तिने घडी घालून पर्समध्ये टाकला, आणि त्यानंतर पर्स खांद्यावरून उतरवली नव्हती.

साहेबांनी नावं वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी सोनेगावच्या विमानतळाबाहेरच्या चहाच्या टपरीवर सगळे वैमानिक जमले. भारतीने साहेबांकडे काय झालं ते आणि अर्ज कुठे लिहिला तेही सांगितलं. उन्मेषने एकच विचारलं, "त्या कॉकपिटात तिसरं कोण होतं?"

विचारायचं भारतीलाच होतं. ती जागेश्वरांकडे वळली.

"सर, अर्ज फक्त तुम्ही अन् मी पाहिला."

जागेश्वरांनी कप खाली ठेवला. "हो."

"मी तं कोणाले सांगितलं नाही."

"तू सांगणार नाही, हे मले मालूम हाय," ते सावकाश म्हणाले. "मंग कोण राह्यलं, ते तूच पाह्य."

"पाहाले काय राह्यलं आता?" उन्मेष उठून उभा राहिला. "चुगलखोराच्या नावाखाली मी सही करणार नाही." बाकीच्यांनी री ओढली.

भारतीने अर्ज काढला आणि जागेश्वरांच्या देखत त्यांच्या सहीवर आडवी रेघ मारली. रेघ ठळक आली. जागेश्वरांनी ती पाहिली, चहाचे पैसे ठेवले आणि निघून गेले.

तिने युनियनला फोन करून पाहिला, सात चालतील का? "आठ म्हणजे आठ, मॅडम," तिकडून उत्तर आलं. वीस तारीख गेली. बावीसला जागेश्वरांनी राजीनामा दिला. जाताना ते कोणाशी बोलले नाहीत, आणि त्यांच्याशीही कोणी बोललं नाही. भारतीला वाईट वाटलं नाही, रागच आला. इतक्या वर्षांचा माणूस आणि असा फिरावा! फेऱ्या पाचाच्या पाचच राहिल्या. उतरताना ती आता धावपट्टीपेक्षा शेजारच्याच्या डोळ्यांकडे जास्त पाहायची.

फेब्रुवारीत विमानांच्या नोंदींची सरकारी तपासणी लागली. नोंदी सांभाळणारी काजल तिला शोधत आली.

"मॅडम, गोंदियाची एक गुलाबी प्रत मिळूनच नव्हती राहिली. साहेबांच्या ड्रॉवरमध्ये सापडली. लॉगबुकातल्या पांढऱ्या पानावर नुसते इंधनाचे आकडे हायेत, पण हिच्यावर भलतंच काहीतरी उमटलं हाय. अक्षर कोणाचं हाय, तेवढं सांगून द्या. तपासणीवाले विचारतीन."

भारतीने प्रत हातात घेतली. इंधनाच्या आकड्यांवरून, जागेश्वरांच्या सहीवरून, तिच्याच दाबून लिहिलेल्या अक्षरात ओळी गेल्या होत्या: 'मा. अध्यक्ष यांस, आम्ही खालील आठ वैमानिक. १. जागेश्वर भोयर...'