रोझकोची जागा

अर्लीनने हिवाळी कोटाची घडी केली, देऊन टाकायच्या पिशवीत ठेवली आणि वरून दोनदा हात फिरवला.

"ह्यूस्टनला लागणार नाही तो, आई," कॅमिल म्हणाली. "तिथे जानेवारीतसुद्धा लोक नुसत्या शर्टावर फिरतात."

"आणि ऑगस्टमध्ये?"

"ऑगस्टमध्ये फिरतच नाहीत. एसी लावून घरात बसतात."

"म्हणजे आम्ही इथे हिवाळ्यात बसतो तसंच." आईने पिशवीचं तोंड बांधलं. "मग शिकागोने काय घोडं मारलंय?"

"तिथे जिना चढायचा नाही. बर्फ उपसायचा नाही. गॅरेजचं बटण दाबलं की दार उघडतं. गाडी आत, आपण आत."

"मग शेजारी दिसतात कधी?"

"आई."

"विचारलं फक्त. तुझा बाप तुझ्याकडे आला होता तेव्हा जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला गेला, आठवतं? तीन जणांनी गाडी थांबवून विचारलं, आजोबा, गाडी बंद पडली का? इथे परत आल्यावर महिनाभर सगळ्यांना सांगत होता. म्हणे, त्या शहरात माणूस पायी दिसला की लोकांना वाटतं, याच्यावर काहीतरी संकट आलंय."

दोघी हसल्या. वडिलांच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच. मग हसू ओसरलं आणि दोघींची नजर एकदमच खिडकीबाहेर गेली.

खाली रस्त्याच्या कडेला एकाला एक चिकटून गाड्या उभ्या होत्या. मधे एका गाडीपुरती जागा रिकामी होती आणि त्या जागेत स्वयंपाकघरातली पिवळ्या गादीची खुर्ची. मोठा बर्फ पडला त्या दिवशी कॅमिलच्या वडिलांनी, रोझकोने, सकाळभर खपून ती जागा उपसली होती. दुसऱ्या कुणी गाडी लावू नये म्हणून, उपसेल त्याची जागा या इथल्या रीतीप्रमाणे, खुर्ची ठेवली आणि गाडी घेऊन तो तळलेली मासळी आणायला गेला. दुकानात रांगेत उभा असतानाच कोसळला.

तो बर्फ केव्हाच वितळून गेला होता. गाडी पुतण्याने नेली होती. खुर्ची मात्र तिथेच होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

"बर्फ गेला की खुर्ची उचलायची," कॅमिल हळू आवाजात म्हणाली. "डॅडीच सांगायचे."

"मग उचल." आई खिडकीतून बाजूला झाली. "ती आत आली की मी निघाले. ती तिथे उभी असेपर्यंत माझा पाय निघायचा नाही."

कॅमिल खाली उतरली. तळ्याकडून वारा येत होता. ह्यूस्टनहून घालून आलेल्या जाकिटातून तो सरळ अंगाला लागला. खुर्चीचा एक पाय वडिलांनी चिकटपट्टीने गुंडाळला होता. पट्टी सुटून वाऱ्यावर फडफडत होती.

समोरून मिस्टर टॉलिव्हर एक पाय ओढत येत होते. दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या. ते शेजारच्याच घरात राहायचे. या जागेवरून ते आणि रोझको इतके भांडायचे की एक अख्खा हिवाळा दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

"उचलतेस?"

"हो. आई माझ्याकडे येतेय. ह्यूस्टनला."

"असं." त्यांनी पिशव्यांची हातांत अदलाबदल केली. "फार गरम असतं म्हणे तिकडे."

"असतं."

"बरंच आहे. अर्लीनला थंडी सोसत नाही."

"तुमची गाडी कुठे आहे?"

"शाळेच्या मागे."

"इतक्या लांब? गुडघा दुखत असताना? ही जागा तर किती दिवस रिकामीच होती."

"ही काय मी उपसली होती?" टॉलिव्हर म्हणाले आणि कठड्याला धरून आपल्या पायऱ्या चढू लागले.

कॅमिलने खुर्ची घरात आणली. पायांना रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग पडले होते. ते तिने ओल्या फडक्याने पुसले आणि खुर्ची टेबलाशी, तिच्या नेहमीच्या जागी सरकवली. आईने खुर्चीच्या पाठीला बोटं लावली न लावली, आणि ती खिडकीशी गेली. बराच वेळ तिथून हलली नाही.

"कॅमिल. इकडे ये."

टॉलिव्हर बोडक्या डोक्याने रस्त्यात उभे होते. उन्हाळ्यात ओट्यावर टाकून बसायची आपली हिरवी घडीची खुर्ची त्यांनी आणली होती. रिकाम्या जागेच्या बरोबर मधे ती उघडून ठेवली. डुगडुगली, म्हणून जरा सरकवली. पुन्हा हाताने दाबून पाहिली. रस्त्यावर बर्फाचा कणही नव्हता.

"गाडी आणायला जात असतील," कॅमिल म्हणाली.

पण ते शाळेकडे गेले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिथेच उभे राहिले.

"या माणसाला तीस वर्षांत नियम कळला नाही," आई म्हणाली. "बर्फ नसताना खुर्ची ठेवायची नसते. रोझकोने घसा कोरडा केला सांगून सांगून." तिने पिशवीची गाठ सोडली, कोट बाहेर काढून झटकला आणि अंगावर चढवला. "थांब, सांगून येते त्याला."

"आई, हवा बघ बाहेर."

"बघितलीय," आई जिन्यावरून म्हणाली. "जन्मभर."

कॅमिल खिडकीशी उभी राहिली. काचेतून आवाज येत नव्हता. आई बोट नाचवून काही सांगत होती. टॉलिव्हर मान हलवत वर आभाळाकडे हात दाखवत होते. आईनेही वर पाहिलं. मग कोटाच्या खिशात हात घालून ती पुन्हा बोलू लागली.

कोपऱ्यावरून एक गाडी आली. रिकामी जागा पाहून तिचा वेग मंदावला. मग ते दोघं दिसले, मधली खुर्ची दिसली, आणि गाडी पुढे निघून गेली.