चादरीखालचे दोन प्लेअर

"चादर कुणी उचलायची न्हाय," निंगप्पानं बजावलं आणि तो खाटेवर पाठमोरा बसला.

चादरीखाली दोन सीडी प्लेअर होते. एक त्याचा स्वतःचा, वीस वर्षं जुना. दुसरा दुकानदार मंजुनाथनं सकाळीच आणलेला, वापरलेला पण आतून नवा केलेला. कुठला वाजतोय ते न बघता ऐकायचं आणि सरस निघेल तो ठेवायचा, असं ठरलं होतं. बटणं मात्र मंजुनाथनं नाही, चंद्रव्वानं दाबायची. बायको एकवेळ चुकेल, पण दुकानदाराचा हात चादरीखाली जाऊ द्यायला निंगप्पा काही दुधखुळा नव्हता. पस्तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होता तो. मागाचा बिघाड आणि माणसाची लबाडी लांबूनच ओळखतो, असं स्वतःच सांगायचा.

सीडी त्यांच्या भजनी मंडळाची होती. गळा संगप्पाचा, टाळ निंगप्पाचा. पहिली सीडी कित्येक वर्षांनी लावली, तर ती चरे पडून अडखळत होती. तेव्हा संगप्पानं आपल्याजवळच्या सीडीची कॉपी काढून पाठवली. त्या कॉपीत पेटी होती, मृदंग होता, संगप्पा तर होताच होता. टाळ तेवढा नव्हता.

आता यात पाणी कुठं मुरतंय हे कळायला काय पंडित लागतो? ही कॉपी यायच्या महिनाभर आधीच संगप्पा चारचौघांत म्हणाला होता, की निंगप्पा, टाळ लई जोरात हाणतोस, जरा दमानं घे. चाळीस वर्षांची दोस्ती आणि हे असलं बोलणं! निंगप्पानं त्याच दिवशी मंडळ सोडलं. मग ही बिनटाळाची सीडी. कॉम्प्युटरवर आजकाल काय पुसता येत नाही? संगप्पानं आपल्याला पुसून टाकलं, असं त्याच्या मनानं घेतलं आणि आठ महिने ते आतल्या आत सलत राहिलं.

मंजुनाथचं म्हणणं वेगळं होतं. जुन्या प्लेअरची लेन्स गेली असेल, बारीक आवाज पकडत नसेल, एकदा दुसऱ्यावर ऐकून बघा. निंगप्पा कबूल झाला, पण त्याचा हिशोब निराळा होता. दोन्ही प्लेअरवर टाळ नसला, म्हणजे खोट सीडीतच. मग संध्याकाळी मंडळात जायचं आणि सगळ्यांदेखत संगप्पाची अब्रू काढायची.

चंद्रव्वानं बटण दाबलं. एक प्लेअर वाजला, मग तिनं सीडी काढून दुसऱ्यात घातली, तोही वाजला. दोन्हीवर तीच पेटी, तोच मृदंग, तोच संगप्पा. टाळ कुठंच नाही. निंगप्पाला एकदम जिंकल्यासारखं वाटलं.

मंजुनाथ मागून काहीतरी पुटपुटला. आजकालची पोरं सगळीच पुटपुटतात. निंगप्पानं दोनदा विचारलं, तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, "काका, टाळ हाय की. दोन्हीवर हाय."

म्हणजे हाही त्यातलाच, एकाच माळेचे मणी. निंगप्पाचं टाळकं फिरलं. टाळ म्हणजे काय, हे तरी याला ठाऊक आहे का? त्यानं चंद्रव्वाला देवघरातला टाळ आणायला लावला, पंखा बंद करायला लावला आणि पुन्हा पाठ फिरवून डोळे मिटले.

"हळूच वाजीव," तो म्हणाला. "पद संपताना वाजिवतात तसा. ऐकू दे याला."

तो थांबला. खोली गप्प होती.

"वाजीव की."

खांद्यावर हात पडला. तो मंजुनाथचा होता. निंगप्पानं वळून बघितलं. चंद्रव्वा दोन्ही हातांत टाळ धरून उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"तीनदा वाजिवला," ती म्हणाली. नेहमीसारखं मोठ्यानं. मागवाल्याच्या घरात हळू कोण बोलतं? म्हणून तर इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

निंगप्पानं तिला खुणेनंच आणखी एकदा वाजवायला सांगितलं. तिनं वाजवला. त्यानं बोट पितळेवर ठेवलं. टाळ थरथरत होता. ती थरथर त्याला ओळखीची होती. गेली कित्येक वर्षं तो टाळ असाच, हातानं ऐकत आला होता. जितका कमी ऐकू येईल, तितका जोरानं हाणत आला होता.

त्यानं टाळ तिच्या हातातून घेतला आणि चादरीवर ठेवला. मग म्हणाला,

"संगप्पाला फोन लाव. आन् त्यो काय म्हणतोय, ते मला मोठ्यानं सांग."