आतलं काम

"आई, आतड्यात अडकलं गं! उद्या प्रदर्शनात सगळे हसतील मला."

शलाकाने शाळेसाठी केलेल्या पचनसंस्थेच्या मॉडेलमध्ये साबुदाण्याची खिचडी रुतून बसली होती. चतुर्थीमुळे घरात दुसरं काही शिजलंच नव्हतं.

सुलक्षणाने पदर खोचला. लांब मोज्याचं ते आतडं ती मागून दाबत, पुढून सोडत राहिली. बोटं भरून आली, तेव्हा कुठे गोळा सरकत सरकत खालच्या वाटीत पडला. शलाका नाचायलाच लागली.

"आपल्या पोटात हे कोण गं करतं?" सुलक्षणाने विचारलं.

"आपोआप होतं. तू झोपलीस तरी!"

भुकेल्या शलाकाने पातेल्यातली खिचडी तोंडात कोंबली. लेकीच्या गळ्यातून उतरणारा घास बघत सुलक्षणा, गाभाऱ्यात बोलावं तशी, हळूच म्हणाली, "सावकाश गं. आत काम चाललंय."