कापडाच्या आत

माहेरपणाहून परतलेली अनघा कडेवरच्या लेकीसकट थेट शेडमध्ये शिरली. नवऱ्याने घरी बांधलेल्या विमानाला चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे फ्लोट लागले होते. उद्या ते धरणाच्या पाण्यावर उतरणार होतं. सांगाड्यावर कापडसुद्धा चढलं होतं. इतक्यात?

“पाण्याचा दणका सोसायला सांगाड्याला आतून जादा नळ्या जोडणार होतास ना?”

“जोडल्या की. तुला काय, दुधातही माशी दिसते.”

तो हसला खरा, पण तिच्याकडे न बघता. अनघाने कापडावरून हात फिरवला. वरून काय कळणार, कप्पाळ.

“बरं झालं. मग उद्या आम्ही दोघी मागे बसतो.”

लेकीने बोळकं पसरून बापाकडे हात पुढे केले. तो घटकाभर तिच्याकडे बघत राहिला. मग “उद्याचं राहू दे,” म्हणत त्याने कापड स्वतःच टराटरा फाडलं.