हिनकलचे चाचे

दारावर कवटी लटकत होती.

गंगाधरराव पायरीवरच थबकले. म्हैसूरजवळच्या हिनकलमधलं घर तर हेच. पाटीवर धाकट्या भावाचं, शंभूरावांचं नाव होतं. पण आंब्याच्या डहाळ्यांच्या जागी काळं फडकं, त्यावर पांढरी कवटी आणि दोन हाडं. आणि आज नातवाचा तिसरा वाढदिवस!

दार शंभूरावांनीच उघडलं. डाव्या डोळ्यावर काळी पट्टी, डोक्याला लाल रुमाल. वय अडुसष्ट, बँकेतून रिटायर.

"ये अण्णा. बस वेळेवर मिळाली की?"

"डोळ्याला काय झालं रे?"

"काय नाही. सुम्ने, उगीच. पायरेट आहे मी."

हॉलमध्ये फ्रिजच्या खोक्याचं जहाज उभं होतं. हेब्बाळच्या कंपनीतून सुनेच्या मैत्रिणी पोरांना घेऊन आल्या होत्या. पुतण्या राघवेंद्र फुगे फुगवत होता. सगळ्यांच्या डाव्या डोळ्यावर पट्टी. नातू भुवन पुठ्ठ्याची तलवार घेऊन जहाजात उड्या मारत होता, त्यालाही पट्टी.

सून वाणी लगबगीने पुढे आली. थोरले सासरे म्हणून ती त्यांना दोड्डप्पा म्हणे.

"दोड्डप्पा, ही तुमची. डाव्या डोळ्यावर हं, उजव्या नको."

"मला कशाला?"

"आज कुणालाच सोडत नाही."

तिने स्वतःच घट्ट गाठ मारली.

एका डोळ्याने खुर्ची चाचपत ते भावाजवळ बसले. "पायरेट म्हणजे चोरच ना?"

"समुद्रातले."

"आपले पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते, शंभू. पोराला शिपाई करायचं सोडून चोर?"

"वाणीने सांगितलं, आम्ही केलं. आठ दिवस झाले, घरात सगळे असेच फिरतो. दूध आणायला पण मी असाच जातो."

"लोक हसत नाहीत?"

"हसूदेत की."

गंगाधररावांना काही उमगेना. हा तोच शंभू, ज्याने उभ्या जन्मात रंगीत शर्ट अंगाला लावला नव्हता.

"तुझी बायको कुठं आहे? भागीरथी दिसत नाही."

शंभूरावांनी नजर फिरवली. "आत. तिला बरं नाही."

चार महिने हेच उत्तर. शुगर वाढली, दवाखान्यात ठेवलं होतं, आता घरी आणलंय. भेटायला येतो म्हटलं की नको. फोन दे म्हटलं की झोपली आहे. दिवाळीला दोघं के. आर. नगरला, त्यांच्याकडे, आलीही नाहीत.

पाच वाजले, सहा वाजायला आले. पोरं केकभोवती घिरट्या घालत होती. मेणबत्त्या तशाच होत्या. वाणी पुन्हापुन्हा आतल्या बंद खोलीकडे बघायची आणि म्हणायची, "आणखी थोडं थांबूया."

शेवटी गंगाधरराव उठले आणि त्या दाराशी गेले.

"भागीरथी, मी आलोय. हा काय तमाशा चाललाय? तुला पसंत नाही ना? मलाही नाही."

आतून आवाज आला, "त्यांचं काही चुकत नाही, भावजी. मीच बाहेर येत नाही."

"का?"

"बाळ मला बघितलं की किंचाळतं. मागच्या महिन्यात तर भिऊन त्याला ताप चढला. माझ्या मांडीवर वाढलेलं पोर." मग ती म्हणाली, "तुमच्याकडे मागची खोली रिकामी आहे की? मला घेऊन चला. मी तिथं राहीन."

आता गंगाधररावांना सगळं कळलं. बाहेर कवट्या टांगायच्या, फुगे लावायचे, आणि घरच्या बाईला कोपऱ्यात बसवून पोराचं मन तिच्याविरुद्ध फिरवायचं. भाऊ बायकोच्या बाजूने एक शब्द बोलत नाही, सुनेच्या इशाऱ्यावर डोक्याला रुमाल बांधून नाचतो.

ते तडक वाणीसमोर उभे राहिले. पाहुणे ऐकत होते, तरी त्यांनी आवाज खाली आणला नाही.

"सासूला मी आज गावाला नेतो. तुमचं जहाज तुम्हाला लखलाभ."

वाणीने हात जोडले. "दोड्डप्पा, दहा मिनिटं द्या. मग खुशाल न्या. मी अडवणार नाही."

"दहा मिनिटांनी काय होणार आहे?"

ती दाराशी गेली आणि त्याला कपाळ टेकवून हळू आवाजात बोलू लागली. "अम्मा, एकदाच. सगळे थांबलेत. तुम्ही आल्याशिवाय केक नाही."

गंगाधररावांनी पट्टीची मागची गाठ सोडायला हात नेला.

तेवढ्यात कडी वाजली. भागीरथीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, पदर अर्ध्या तोंडावरून ओढलेला.

"पदर सोडा, अम्मा," वाणी म्हणाली.

पदर खाली आला. डावा डोळा नव्हता. त्या जागी खोलगट, शिवून मिटलेली पापणी होती; शुगरपायी दवाखान्यात डोळाच काढावा लागला होता.

भुवन जहाजात उभा राहून आजीकडे बघत राहिला. मग त्याने बापाकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, एकेका पाहुण्याकडे पाहिलं. तलवार तिथेच टाकून तो धावत सुटला आणि तिच्यासमोर दोन्ही हात वर करून ओरडला, "अज्जी, तू पण! घे मला!"